सत्ताविसावं बोट

प्रकल्प तपासणारी समिती नागपूरहून बारा वाजता येणार होती आणि पावणेबाराला संघप्रियाच्या लॅपटॉपवर लाल अक्षरं येऊन उभी राहिली होती : 'छपाई बंद. सत्तावीसपैकी सव्वीस मान्य.'

आरमोरीच्या कॉलेजातल्या या मुलीनं वर्षभर खपून एक साधन तयार केलं होतं. वर्गातली मुलं आपापल्या मोबाइलवर लिहितात, चित्रं टाकतात आणि शेवटी एका कागदाच्या घडीतून आठ पानांची झीन, म्हणजे हातोहात वाटायचं चिमुकलं मासिक, छापून निघतं. आज समितीसमोर ती निघाली, तर साधन सगळ्या वर्गांना मिळणार. नाही निघाली, तर प्रकल्प नापास आणि संघप्रियाचं वर्ष गेलं.

अट मात्र मराठीच्या गुलाब सरांची. सर कीर्तनवेडे. "बुवा गजर मांगते, अन् मंडपातला एक जरी गप राह्यला तं बुवा पुढं सरकते का? नाई सरकत. तसंच ठेव, बाई. सगळ्याईनं 'मान्य' दाबल्याबिगर छपाई नाई." संघप्रियाला ते इतकं पटलं की तिनं पदरची भर घातली : एक अक्षर जरी बदललं, तरी सगळ्यांची मान्यता पुसली जाणार. पुन्हा सगळ्यांनी दाबायचं.

"कोन राह्यला?" सरांनी विचारलं.

"पोचू. काल दाबलं होतं जी त्यानं. पन आज सकाळी कोनंतरी काहीतरी बदलवलं, अन् सगळं पुसलं. आमी सगळ्याईनं परत दाबलं. तो गेला मोहफुलं येचाले."

"मंग त्याचं नावच काढून टाक ना!"

"नाव काढाले बी सगळ्याईची मान्यता लागते. पोचूची बी."

"असं कोनं ठरवलं?"

"तुमीच, सर."

सरांना घाम फुटला. पोचूच्या गावात रेंज होती, जंगलात नव्हती. त्यांनी गावातल्या किराणावाल्या वारलूला फोन लावला. "वारलूभाऊ, दुकान टाका तसंच, पन पोचूले जंगलातून गाडीवर घालून रेंजमंदी आना!"

एवढ्यात प्राचार्य धनराज सर आत आले. साधनाच्या उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी स्वतःचं नाव गटात घालून घेतलं होतं. सव्वीस मुलं आणि सत्ताविसावे ते. "काऊन थांबली छपाई? गाडी फाटकात आली ना बाप्पा!"

समिती आली. समितीच्या सत्यशीला मॅडम पुढच्या खुर्चीत बसल्या. चहा आला, चहा संपला. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. संघप्रियाच्या हातातला कोरा कागद घामानं ओला झाला. बारा वाजून वीस मिनिटांनी गुलाब सरांचा फोन वाजला. पोचू होता.

"दाब, बाबू, दाब लवकर!" सर कुजबुजले.

"थांबा जी, वाचून राह्यलो."

"वाचाचं काय आहे त्याच्यात? सगळ्याईनं दाबलं!"

"त्याईनं वाचलं का पन?"

फोनमधला आवाज पुढच्या दोन बाकांनी ऐकला. दोन्ही बाकांनी माना खाली घातल्या.

"सर, पान पाचवरून माही आजी कुठी गेली?"

पाचव्या पानावर पोचूच्या आजीचं सांगणं होतं : मोहाखालचा पाला जाळू नका, खराट्यानं झाडा, एका काडीनं सारं जंगल पेटते. आता तिथे 'प्राचार्यांचे मनोगत' होतं आणि कोटातला फोटो होता. लॅपटॉपवर नोंद होती : बदल सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी.

सगळा वर्ग धनराज सरांकडे पाहू लागला.

"स्वागताचं पान नसन तं बरं दिसते का?" ते पुटपुटले. "म्हनून थोडंसं..."

"आजीले परत आना," पोचू म्हणाला. "मंग दाबतो."

संघप्रियानं जुनं पान परत आणलं. सव्वीसच्या सव्वीस मान्यता पुसल्या गेल्या. पण या वेळी मुलं वाचू लागली, ओळ न् ओळ! संघप्रियाला रडू की हसू, कळेना. पहिली मान्यता जंगलाच्या कडेवरून आली. मग दहा. मग वीस. सव्वीस.

आणि तिथेच थांबलं.

"कोण बाकी आहे?" मॅडमनी विचारलं.

धनराज सरांनी खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. "बॅटरी संपून राह्यली वाटते..."

पहिल्या बाकावरच्या चंचलनं गुपचूप चार्जर पुढे केला.

सरांनी चार्जरकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि 'मान्य' दाबून स्वतःचा कोटातला फोटो स्वतःच्या बोटानं कायमचा घालवला. प्रिंटर घरघरला. गुलाब सरांनी कीर्तनातल्यासारखी मोठ्यानं टाळी वाजवली आणि लगेच ओशाळून हात खिशात घातले.

मॅडमनी घडी उलगडून पाचवं पान दोनदा वाचलं. "हे साधन सगळ्या वर्गांना द्या," त्या म्हणाल्या, "आणि या आजींना पुढच्या खेपेस बोलवा."

समिती जेवायला गेल्यावर धनराज सर हळूच संघप्रियाजवळ आले. "बाई, पुढच्या अंकात मले अर्धं पान भेटन का?"

संघप्रियानं टेबलावरचा गुलाब सरांचा फोन उचलला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. "मले काऊन विचारता जी? पोचूले विचारा."