भास्करकाका आणि तहानलेल्या बॅटऱ्या

भास्करकाका कोणाच्याही घरी गेले की माणसांकडे नंतर पाहतात, आधी इन्व्हर्टरकडे जातात. एका हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली, दुसऱ्या हातात टॉर्च. "पानी पाह्यलं काय बॅटरीचं?" हाच त्यांचा नमस्कार. उत्तराची वाट न पाहता ते जिन्याखाली शिरतात आणि मग तिथून आवाज येतो, "अरे बापा! कोरडी ठाक! तहानेनं मरून राह्यली ना बिचारी!"

चांदूर बाजारला एका लग्नात तर ते भर पंगतीतून उठले. वाढपी जिलबी घेऊन उभा आणि काका मंगल कार्यालयाच्या इन्व्हर्टरपुढे उकिडवे. काहीतरी मानपान चुकला, असं वाटून नवरीचा बाप घामाघूम झाला. बिचारा हात जोडून जिन्याखाली वाकला, तर काकांनी त्याच्या हातात टॉर्च दिली, "धरा जरा."

काका अमरावतीच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झाले आणि अकोल्याला, जठारपेठेत, आमच्या शेजारी राहायला आले. त्यांच्या एकूण एक सदऱ्यांना ॲसिडची भोकं आहेत. हात सैल, त्यामुळे पाणी नेहमी जास्तच पडतं आणि बॅटरीतलं ॲसिड उतू जातं. आमच्या जिन्याखालची फरशी त्यापायी पार खराब झाली. माझी बायको कुरकुरते, पण चहा ठेवते. गल्लीतली प्रत्येक बाई ठेवते. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: काकू गेल्या, मुलगा हैदराबादला, आणि घर खायला उठतं. हातात बाटली असली की काकांना कोणाच्याही घरात शिरता येतं, घटकाभर बसता येतं.

आता माझ्याबद्दल. मी बॅटरीचा अभ्यासक आहे. हसू नका. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून बाजाराचे अहवाल लिहितो. शिशाच्या बॅटरीनं पर्यावरणाचं किती वाटोळं होतं, सोडियमची किती चांगली, रसायन उद्योगाला त्यात काय संधी, वगैरे. बॅटरीला प्रत्यक्ष हात लावायची वेळ कधी आली नाही. टीव्हीच्या रिमोटमधले सेलसुद्धा बायको बदलते. साऱ्या जगाच्या ऊर्जेचं भविष्य लिहीत असताना लाइट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली, की मी गच्चीवरून ओरडतो, "काकाऽऽ!"

मागच्या उन्हाळ्यात कंपनीनं मला काम दिलं: सोडियमच्या बॅटरीला अकोल्यात गिऱ्हाईक मिळेल का, ते घरोघर विचारून या. मी काकांना सांगितलं.

"सोडियम म्हंजे मिठातलंच ना?"

"तेच, काका."

"मंग तं आर्धी खदान आपल्या सैपाकघरात हाय! स्कोप हाय लेका, लय स्कोप हाय!"

आणि ते माझ्या पुढे चालू लागले. काका प्रत्येक घरात आधी पाणी भरत, मग हात पुसत विचारत, "हा आपला पोरगा नवी बॅटरी आनून राह्यला. घेसान ना?" लोक म्हणत, "घेऊ ना काका, काहून नाही!" मी बॅटरीचे गुण सांगायला तोंड उघडलं की काका म्हणत, "ते तू रिपोर्टात लिही. इथं चहा थंडा होऊन राह्यला."

एका बाईंनी 'किंमत जास्त वाटते का' यालाही हो म्हटलं आणि 'किंमत कमी वाटते का' यालाही हो म्हटलं. दारात आलेल्या काकांना नाही म्हणायचं कसं! आमच्याकडे पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही, ही साधी गोष्ट मला, जन्मानं अकोलेकर असून, कळली नाही. मी अहवालात ठोकून दिलं: प्रचंड मागणी.

कंपनी खूश. एवढी खूश, की नमुन्याची एक बॅटरी माझ्याच घरी पाठवली. सकाळी ती बसवली आणि दुपारी काका बाटली घेऊन हजर. जिन्याखाली वाकले. टॉर्च वरून फिरवली, मागून फिरवली.

"झाकन कुठी हाय याचं?"

"झाकण नाही काका, पॅकबंद आहे."

"मंग पानी कुठून टाकाचं?"

"टाकायचंच नाही! तोच तर फायदा!" आणि मी गाढवासारखं माझ्याच अहवालातलं वाक्य म्हणून दाखवलं, "देखभालीची कटकट कायमची संपली."

काका गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठले. "म्हंजे गल्लीतल्या सगळ्यायनं हेच घेतो म्हनलं?"

"ज्यांना आपण विचारलं, त्या सगळ्यांनी."

"मंग मी येऊ कायले?"

"नुसते या ना काका. बसायला."

"नुसतं कोनी जाते काय कोनाच्या घरी?" असं म्हणून ते गेले. चहा न घेता.

मला फार वाईट वाटलं. अहवालात फायद्यांची पानंच्या पानं भरली होती आणि तोट्यांखाली मी लिहिलं होतं, 'विशेष नाही'.

त्यानंतर काका कोणाकडेच फिरकले नाहीत. "तुम्हीच जाऊन या ना," बायको रोज म्हणायची. मी रोज चपला घालायचो आणि रोज काढायचो. हातात काय घेऊन जावं, तेच सुचेना. तेव्हा ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत भिंतीपलीकडच्या त्या घरात मी एकदाही गेलेलो नव्हतो.

शेवटी एका रविवारी हात हलवत गेलो. काकांनी दार उघडलं आणि मला पाहून ते घाबरेच झाले.

"काहून रे? लाइट गेली काय?"

"नाही काका. नुसताच आलो."

काका एकदम बाजूला झाले, खुर्चीवरचे कपडे उचलले आणि सवयीनं आत वळून ओरडले, "आइकलं काय वं? चहा मांड, शेजारचा पोरगा आला..."

आणि तिथंच थांबले.

"तुम्ही बसा काका, मी मांडतो," मी म्हणालो. मला चहा करता येत नाही. तरी आत जाऊन गॅस पेटवला.