देवाची अर्धी शपथ

याकोबभाऊंसमोर कोणी ‘मायची शपथ’ म्हटलं की त्याची धडगत नसे. हातातला टाक खाली ठेवून ते विचारत, “कुठी राह्यते तुही माय?” समोरचा गोंधळून गावाचं नाव सांगे. “तिले विचारलं का तू, तुह्या जिवावर शपथ घेऊ का म्हणून? नाई? मंग काऊन घेऊन राह्यला?” आमच्या दुधवाल्याला त्यांनी एकदा असं झापलं, की तेव्हापासून तो नुसतं “पाणी नाई टाकलं” एवढंच म्हणे, आणि तेही इकडंतिकडं बघून.

गंमत अशी की शपथा देणं हीच त्यांची नोकरी होती. पन्नासच्या दशकात मी चांद्याच्या कोर्टात नकलनवीस होतो आणि याकोबभाऊ चांदेकर तिथंच कारकून. साक्षीदार पिंजऱ्यात आला की त्याच्याकडून ‘ईश्वरसाक्ष खरं सांगेन’ म्हणवून घ्यायचं. दिवसभर खोट्या शपथा ऐकायच्या आणि संध्याकाळी लाल डोळे घेऊन घरी जायचं.

घरी त्यांची बायबलं होती. एक जुनं इंग्रजी, एक नवं इंग्रजी, एक मराठी आणि एक तेलुगू. माणसं कशी शपथ घेतात ते रोज दिसत होतं. देव कशी घेतो, ते त्यांना शोधायचं होतं. चारही पुस्तकं सतरंजीवर उघडी ठेवून ते एकेक ओळ ताडून बघत आणि भाषांतर करणाऱ्यांवर चिडत.

“हे पाहा,” ते मला म्हणत. “रानात चाळीस वर्षं ज्यायले सांभाळलं तेच लोक उलटले. देव रागावला. शपथ घेऊन म्हणते, हे लोक माह्या विसाव्यात आले तर... अन् चूप. पुढं काईच नाई. हे जुनं इंग्रजी. आता मराठी पाहा. येणारच नाईत, असं लिहून मोकळे झाले. वाक्य पुरं कराले कोणी सांगितलं यायले?”

एका पाद्रीसाहेबांनी त्यांना समजावलं होतं. हिब्रूत शपथेची रीतच तशी. ‘असं झालं तर माझं अमुक होवो’, यातलं ‘अमुक होवो’ बोलायचं नाही. नुसतं ‘तर’ म्हणून थांबलं तरी ‘कधीच नाही’ असाच अर्थ होतो, म्हणून मराठीही बरोबरच. त्यावर भाऊ महिनाभर धुमसत होते. “अमुक म्हणजे काय? तेच तर पाह्यजे मले.” तेलुगू त्यांना वाचता येत नसे. सिरोंच्याकडच्या एका शिपायाला त्यांनी पकडून आणलं. त्यानं वाचून सांगितलं, यात बी येणार नाईत असंच आहे. भाऊ त्या बिचाऱ्यावर असे उखडले, जसं काही ते भाषांतर त्यानंच केलं होतं.

मग लटारूचं प्रकरण झालं. लटारू हा भाड्याचा साक्षीदार, महिन्यातून दोनदा तरी पिंजऱ्यात असायचा. त्या दिवशी एका ढिवर म्हाताऱ्यावर तलावातले मासे चोरल्याचा खटला होता. तलाव मालगुजाराचा, साक्षीदार मालगुजाराचा. भाऊंनी शपथ दिली. लटारूनं वरून आपली जोडली, “खोटं बोलीन तर माह्यी माय मरो.”

“मागच्या महिन्यात मेली,” याकोबभाऊ म्हणाले. “त्याच्या आंधी बी मेली. किती डाव मारशीन रे तिले?”

सगळं कोर्ट हसलं. ढिवर म्हातारा तेवढा हसला नाही. त्याला कैद झाली आणि भाऊंना मेमो मिळाला.

मेमोचं उत्तर म्हणून भाऊंनी चार भाषांतरांची तुलना लिहून दिली. अकरा पानं. आमचे मॅजिस्ट्रेटसाहेब पुण्याकडचे होते. त्यांनी ती शांतपणे चाळली. “याकोब, मी खुलासा मागितला होता, प्रवचन नाही. उद्या सकाळी शपथेवर लिहून द्या की कोर्टात पुन्हा मध्ये बोलणार नाही. नाहीतर नोकरी राहील असं मी सांगू शकत नाही.”

“लिहून देतो साहेब. शपथ नाई.”

“शपथेशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.”

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. मला वाटलं, आता साहेबांचा उद्धार ऐकायला मिळेल. पण ते भिंतीला टेकून बसले होते.

“मी मिशनवाल्यायले टेसनावर सापडलो,” ते म्हणाले. “फडक्यात गुंडाळलेला. चांद्याले सापडला म्हणून चांदेकर. बायको होती, ते गेली. लेकरू झालंच नाई. शपथ घेऊ तर कोणाची? त्या लटारूपाशी बी माय आहे.”

त्यांनी जुन्या इंग्रजी पुस्तकावर बोट ठेवलं.

“माणूस म्हणते, तर माह्यी माय मरो, लेकरू मरो. देवानं काय म्हणाव? त्याच्यापाशी कोण आहे? म्हणून ‘तर’ म्हणून थांबला तो. पाद्रीसाहेब म्हणते, व्याकरण आहे.”

त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला नव्हता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “तुह्या मायले विचारशीन का? एक डाव तिची शपथ घेऊ देईन का म्हणा. मोडणार नाई मी.”

माझी आई त्यांच्याहून फार तर चार वर्षांनी मोठी असेल. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. “तो भांडखोर कारकून?” ती म्हणाली. भाकर उलटली, ती फुगेपर्यंत बघत राहिली. “घे म्हणा. पण जपून राह्य म्हणा, मले तुहं लगन पाहाचं आहे.”

सकाळी भाऊंनी सही केली.

पुढच्याच महिन्यात लटारू परत पिंजऱ्यात आला आणि त्यानं परत आई मारली. मी भाऊंकडे पाहिलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, टाकाचं नीब कागदातून आरपार गेलं होतं. पण तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. ज्या माणसाला चहा थंड मिळाला तरी राग आवरत नसे, त्याला हे किती जड गेलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत.

दर रविवारी चर्चमधून परतताना ते आमच्या अंगणात यायचे. आत येत नसत. “माय बरी आहे नं?” एवढं विचारायचे. आई खोकली तरी त्यांचा चेहरा उतरे.

एका हिवाळ्यात तिला हिवताप झाला. भाऊ रजा टाकून अंगणात येऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

“बोललो तर नाई मी काई,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण परवा त्या लटारूले पाहून मनात लय शिव्या देल्या. मनातलं मोजते काय रे?”

आतून आईचा आवाज आला. “नाई मोजत, भाऊ. आत या, थंडी आहे बाहेर.”

ते पहिल्यांदाच घरात आले. खाटेपासून जरा दूर भिंतीशी बसले, आणि आई उठून चहा करायला लागली तर तिच्यावर रागावले.