सुभेदार नाना आणि झोपेची सुई

आमच्या शेजारचे सुभेदार नाना हळदसुद्धा आधी पाण्यात सोडून बघतात. सांगलीत राहून हळदीवर संशय! दुकानदार हात जोडतो, तरी नाना पेल्यात डोळे घालून बसलेले. "खात्री करावी, वहिनी," एवढंच म्हणायचं.

मूळचे साताऱ्याकडचे, सगळी उमर फौजेत गेली. झोप मात्र कित्येक वर्षांपासून रुसलेली. गोळ्या झाल्या, काढे झाले. शेवटी मीच त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं झोपेच्या एका नव्या औषधावर संशोधन चाललं होतं. पेप्टाइड म्हणतात त्याला, म्हणजे प्रथिनाचा बारीकसा तुकडा; तो सुईतून देतात. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, "काहींना खरं औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते आम्हालाही कळू देत नाहीत."

नाना ताडकन उठले. "टोचणारीलाच ठावं न्हाई? मग ठावं कुणाला हाय?"

सही केली खरी, पण पेन दोनदा उलटंपालटं करून. झोप मोजणारा पट्टा मनगटाला बांधायला दिला, तर म्हणाले, "ह्यो चहाडखोर हाय." आणि खात्री करायला तो रात्री बांधला आमच्या काळूच्या पायाला! डॉक्टरीणबाई खूश. "नाना, काय छान झोपलात!"

"म्या न्हवं, कुत्रं झोपलं," नाना छाती काढून. बाईंनी कपाळाला हात लावला, ती नोंद रद्द केली आणि पट्टा पुन्हा नानांच्या मनगटावर चढला.

मग एका दुपारी मी ओसरीवर तांदूळ पाखडत होते, तर नाना येऊन बाकावर बसले. "सुई बंद करतूय."

"का हो? गुण नाही?"

"हाय की. काल पार उजाडंस्तवर झोपलो. म्हणूनच भ्या वाटलं."

त्यांच्या पत्नी ताराबाई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. रात्री पुन्हा पुन्हा उठून नाना त्यांना कुशीवर वळवायचे. त्या गेल्या, तरी नाना जागेच.

"पहाऱ्यावरचा गडी बदली आल्याबिगर हालत न्हाई, वहिनी. माझी बदली आलीच न्हाई. तिनं हाक मारली, आन मी झोपलेला असलो तर?"

मी सूप खाली ठेवलं, उभी राहिले. "सुभेदार, मी आले बदलीला. तुम्ही पडा."

नाना बघत राहिले. मग तिथंच बाकावर आडवे झाले, टोपी तोंडावर ओढली. जरा वेळानं टोपीखालून एक डोळा उघडला.

"तुमी झोपणार न्हाई न्हवं?"

मी सूप उचललं आणि त्यांना माझी जाग कळावी म्हणून तांदूळ जरा मोठ्यानंच पाखडायला लागले.