जैतून हे फळ आहे

वासुअण्णांना नवा माणूस भेटला की ते त्याचं गाव, गोत्र, पगार यांतलं काही विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवत, माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत आणि निकाल देत, "क्लेमेंटाइन." नाहीतर, "जैतून." मग चष्मा खाली. या निकालावर अपील नसे.

धारवाडच्या माळमड्डीत ही दोन्ही फळं एकट्या वासुअण्णांनीच पाहिली होती. तरी लोक निकाल मनाला लावून घेत. क्लेमेंटाइन ठरलेल्या स्टेशनमास्तरांनी पेढे आणून दिले. जैतून ठरलेल्या हेडमास्तरांनी महिनाभर अण्णांच्या दारावरून जाणं सोडलं.

मीही जैतूनच. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," अण्णा म्हणाले, "पण झाडावरून तोडून तोंडात टाकण्यासारख्या तुम्ही नाहीच." आमचे यजमान वकीलसाहेब मात्र क्लेमेंटाइन. "बघा, संत्र्याचं धाकटं भावंड ते. नख लावायचा अवकाश, साल सुटून हातात. आत फोडी मोकळ्या, बी नाही, आणि गोडी अशी की माणूस जरा वेळ बोलत नाही."

"आणि टिकतं किती?" मी विचारलं.

"आठ दिवस."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं. वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

अण्णा हुबळीला रेल्वेत कारकून होते. मागच्या मोठ्या लढाईत त्यांना रेल्वेच्या कामावर तिकडे इजिप्त, पॅलेस्टाइनला पाठवलं. तिथे जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, झाडांखाली त्यांचा तंबू होता. क्लेमेंटाइन त्यांना एका फ्रेंच मठातल्या जोगिणीने बागेतून काढून दिलं. लढाईतून लोक पदकं घेऊन आले, अण्णा ही तुलना घेऊन आले.

तुलना ऐकण्यासारखी असे. क्लेमेंटाइन पाहुण्यासारखं, येतं, हसवतं, जातं. जैतून घरच्या माणसासारखं. आधी कडूजहर, मग महिनोन्महिने मिठाच्या पाण्यात पडून राहणार, आणि एकदा का तयार झालं की वर्षभर साथ देणार. वर दिव्याला तेल देणार ते वेगळंच. इथवर सगळे माना डोलवत. पण शेवटी अण्णा बोट उभारून म्हणत, "आणि लक्षात ठेवा, दोन्ही फळंच. जैतून हे फळ आहे!"

इथे वकीलसाहेब जागे होत. "जे झाडावरून खाता येत नाही ते फळ कसलं? मिठाच्या पाण्यात मुरतं म्हणजे लोणचं."

"आंबा मिठात घातला म्हणून आंब्याचं फळपण जातं?"

"आंबा पिकतो अण्णा. गोड होतो. तुमचं जैतून पिकून गोड होतं?"

"काळं होतं."

"काळा तर मीही झालोय."

यावर सगळी ओसरी हसे. अण्णा हसत नसत. पंचा झटकून उठत आणि जाता जाता कानडीत बजावत, "हण्णऽ अद री, हण्णऽ!" म्हणजे फळच आहे हो, फळच. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस इतका का भांडतो, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

कळलं ते गोदाक्कामुळे. गोदाक्का अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झाली आणि माहेरी आली ती कायमची. अण्णांना तिनेच कडेवर वाढवलं. सोवळ्यात स्वयंपाक, एक वेळ जेवण, उरलेल्या वेळी उपास. एकदा आमच्या ओसरीवर तांदूळ निवडताना ती सहज बोलून गेली, "लढाईहून वासू आला ना, तेव्हा माझ्यासाठी दोन वस्तू घेतल्या होत्यान् त्याने. संत्री बोटीतच नासली. दुसऱ्याची बरणी आली घरापर्यंत. आई म्हणाली, कुणाच्या कुठल्या पाण्यातलं, सोवळ्या बाईला चालायचं नाही. नेऊन ओतली शेवग्याखाली."

"मग?"

"मग काय मथू? फळ असतं तर चाललं असतं. फळाला विटाळ नाही." तिने एक खडा उडवला. "वास मात्र छान होता."

म्हणजे अण्णा आळीशी भांडत नव्हते, आईशी भांडत होते. आई वारली, तरी त्यांनी दुसरी बरणी मागवली नाही. आता नाही म्हणायला अक्काच उरली होती, आणि तिनेच नाही म्हटलं असतं तर तिच्यासाठी भांडण्यात अर्थच उरला नसता. भाषण मात्र चालू.

मला असली अडकून पडलेली कामं बघवत नाहीत. त्या वर्षी मडगावला लग्नाला गेले होते, तिथल्या दुकानात पोर्तुगालहून आलेली जैतुनं बाटलीत दिसली. घेतली. लुगड्यात गुंडाळून आणली आणि एकादशीची सकाळ बघून अण्णांच्या माजघरात नेऊन ठेवली. उपासाला चाललं तर फळ, नाहीतर लोणचं. निकाल लागू दे एकदाचा.

अण्णांनी बाटली उजेडात धरून बघितली. झाकण त्यांच्या हातून उघडेना. मीच अडकित्त्याने उचकटलं. मागोमाग आलेल्या वकीलसाहेबांनी एक तोंडात टाकलं आणि ते सरळ परसात गेले. मी चाखलं. खारट, तुरट, मागाहून कडू.

"अण्णा," मी म्हटलं, "इतकी वर्षं तुम्ही मला *हे* म्हणत होतात?"

त्यांनी ऐकलंही नाही. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथे गोदाक्का ओलेत्याने उभी होती.

"वासू, हे झाडाला लागतं?"

"लागतं अक्का."

"तू बघितलंस लागलेलं?"

"झाडाखाली झोपलोय मी. अंगावर पडायची."

अक्का बाटलीकडे वाकली. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली घेतला, परत चढवला.

"मग फळच की," ती म्हणाली. "एवढं भांडायचं काय त्यात? ते पाणी ओत, आणि माझ्या कळशीतलं घाल वरून."

तिने धुतलेलं एक जैतून वेचून तोंडात टाकलं. सावकाश चावलं. बी ओंजळीत घेतली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. परसातून चूळ भरून आलेले वकीलसाहेबसुद्धा.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली. "पण बरं लागतं."

अण्णा पाटावर बसले. मला वाटलं, आता वकीलसाहेबांकडे बोट उभारतील, हण्णऽ अद म्हणून ओरडतील. काही नाही. बाटली तेवढी अक्काच्या बाजूला सरकवली.

"आणि ते दुसरं रे?" अक्काने विचारलं. "बोटीत नासलं ते? ते कसं होतं?"

ज्या फळाचं वर्णन ऐकून आमच्या आळीतल्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं, त्याबद्दल वासुअण्णा म्हणाले, "ते होय? काही विशेष नाही अक्का. आपल्या संत्र्यासारखंच. थोडं आंबटच."

"खोटं बोलतोस," अक्का म्हणाली, आणि तिने दुसरं जैतून उचललं.