जाईआत्याच्या हातचं काँक्रीट

"मुंबईचं भविष्य तिसऱ्यांच्या शिंपल्यांत आहे!" हितेंद्र गावडेने एका रविवारी सकाळी लालबागच्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून जाहीर केलं.

गॅलरीत तेव्हा शेजारचे कुशाबा मामा दाढी करत होते. त्यांनी अर्धी दाढी झालेला गाल वळवला. "आणि वर्तमान?"

"वर्तमान माझ्या थीसिसमध्ये आहे, मामा."

हितेंद्र सिव्हिल इंजिनीअरिंगचं एम.टेक. करत होता. दुसरं वर्ष. विषय असा, की काँक्रीटमधली थोडी वाळू काढायची आणि तिच्या जागी तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या कालवांसारख्या जिवांच्या, शिंपल्यांचा चुरा घालायचा. वाळू संपत चालली आहे, पण शिंपल्या संपणार नाहीत. निदान मालवणी माणूस जेवतोय तोवर तरी नाहीत. महिनाअखेरीस कॉलेजच्या समितीसमोर निकाल मांडायचे होते. मांडले तर पदवी. नाही मांडले तर आणखी एक सेमिस्टर, तीच गॅलरी आणि चाळीतल्या प्रत्येक दारातून "झालं का रे शिक्षण?"

पण हितेंद्रला काळजी नावाची गोष्ट फारशी लागत नसे. त्याला स्वप्नं लागत. चहा पिता पिता त्याची नजर समोरच्या पत्र्यांवरून निघे आणि पुन्हा घरी यायचं विसरून जाई. त्याला एक पूल दिसे. शिंपल्यांच्या काँक्रीटचा, पांढरा, मोत्यासारखी झाक असलेला. लालबागच्या फ्लायओव्हरच्याही वरून तो अलगद निघे, चाळींची कौलं, भायखळ्याचा भाजीबाजार, ठाकूरद्वारची देवळं ओलांडून गिरगावाशी समुद्रात शिरे आणि तसाच, खाली एकही खांब नसताना, थेट मालवणला जाऊन टेकत असे. त्या पुलावरून हितेंद्र काळा गाऊन घालून, पायात घरच्याच चपला, चालत जात असे. वारा सुटलेला. खाली होड्यांमधली माणसं मान वर करून बघतायत. खांब का नाहीत, असं त्याला स्वप्नात कुणी विचारत नसे. खरं तर त्याच्या गाईड एडना मॅडमनी विचारलं असतं, पण त्यांना तो त्या पुलावर येऊच देत नसे.

चाळीने मात्र या संशोधनाला तन, मन आणि पोट वाहिलं. तीन मजल्यांवर तिसऱ्या शिजू लागल्या. सुकं, आमटी, सुक्यानंतर पुन्हा आमटी. सगळ्या शिंपल्या धुऊन, वाळवून हितेंद्रच्या दाराशी. कुशाबा मामांना डॉक्टरांनी तिसऱ्या बंद करायला सांगितल्या होत्या. मामा डॉक्टरांना म्हणाले, "पोराच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, साहेब!" आणि घरी येऊन दोन वाट्या जास्त जेवले.

चुरा तयार झाला आणि नेमकी कॉलेजची लॅब बंद झाली. कुठलीशी तपासणी समिती येणार होती, म्हणून लॅबला रंग लावत होते. लॅबचं काम बघायला समिती येणार, म्हणून लॅबचं काम बंद!

"घरी कर," त्याचा वर्गमित्र रूपर्ट म्हणाला. रूपर्ट गिरगावचा, सल्ला द्यायला कायम मोकळा. "साचे मी आणून देतो. नऊ आहेत. पण सोमवारी परत. नाहीतर लॅबवाला मला साच्यात घालेल."

शनिवारी चाळीच्या चौकात काँक्रीट कालवायचा कार्यक्रम झाला. खालच्या मजल्यावरच्या सीमावहिनींनी रांगोळीसुद्धा काढली. सिमेंट, वाळू, खडी, शिंपल्यांचा चुरा, सगळं ग्रॅमपर्यंत मोजून. पाणी मोजून. घमेल्यात फावडं फिरू लागलं आणि त्या करड्या लगद्यात शिंपल्यांचे कण असे चमकले, की हितेंद्रचा हात थांबला. पूल आला! या वेळी त्यावर दिवेसुद्धा लागले होते.

"ए शहाजहान," रूपर्ट म्हणाला, "फावडं सोड, मी कालवतो. तू बघ तुझा ताजमहाल."

हितेंद्र किती वेळ बघत होता ते त्याला कळलं नाही. भानावर आला तेव्हा साचे भरून झाले होते आणि जाईआत्या पदराला हात पुसत जिना चढत होती. जाईआत्या म्हणजे हितेंद्रच्या वडिलांची थोरली बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गर्दी जमली. हितेंद्रने सगळ्यांकडे बघून स्मित केलं, पहिल्या साच्याचे बोल्ट काढले आणि बाजू अलगद दूर केल्या.

काँक्रीटने एक क्षण विचार केला. मग, पंगतीत पोटभर जेवलेला माणूस भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरतो, तसं ते चारी बाजूंनी घसरलं आणि फरशीवर आडवं झालं.

"शिरा आहे हा," कुशाबा मामा म्हणाले.

"मामा, प्लीज!"

"नाही, छान झालाय. मोकळा."

दुसरा साचा. शिरा. बाकीच्या साच्यांना बोटाने टोचून बघितलं, तर बोट आत! हितेंद्रच्या डोळ्यांसमोर पूल मालवणच्या बाजूने वितळायला लागला. पाणी तेवढंच, सिमेंट ताजं, मग झालं काय? तेवढ्यात त्याला मुंग्या दिसल्या. लाल मुंग्यांची एक सरळ, शिस्तबद्ध रांग जिन्याखालून येऊन थेट साच्यांत जात होती. आणि जाताना अगदी खुशीत दिसत होती.

सिव्हिलच्या पोराला एक गोष्ट पहिल्या वर्षापासून माहीत असते. काँक्रीटमध्ये साखर गेली, की सिमेंट घट्ट व्हायचं विसरतं. थोडी गेली तर उशिरा होतं. जास्त गेली तर संपलं!

तो तीन-तीन पायऱ्या गाळत वर गेला. "आत्या! काल काँक्रीटमध्ये काय घातलंस?"

जाईआत्या नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "पंचामृत."

"पंचामृत?"

"मगे? पयला काँक्रीट ओततत तेव्हा गोड घालूक व्हया. तुझ्या आजोबांनी गावाक घर बांधलान, तेव्हा पायात घातला होता. अजून उभा आसा घर!"

"अगं ते पायाच्या खड्ड्यात घालतात! काँक्रीटच्या आत नाही! त्यात साखर होती?"

"पंचामृत काय मिठाचा करतत?"

"आणि तू रूपर्ट, तू बघत उभा होतास?"

मागून आलेल्या रूपर्टने मान खाली घातली. "मला वाटलं तुमच्यात असतं तसं. आमच्यात फादर पवित्र पाणी शिंपडतो. मी कालवलंसुद्धा, नीट."

"मी काय वीख घातलंय?" आत्याचे डोळे भरून आले. "पोराचा चांगला व्हावा म्हणान घातलंय!"

आता आत्याच्या डोळ्यांतलं पाणी आणि काँक्रीटमधलं पाणी, दोन्ही सुकायचं नाव घेईनात. हितेंद्रने आधी आत्याची समजूत काढली. मग उरलं काँक्रीट. साचे तर सोमवारी परत द्यायचे! गटारात ओतता येत नाही, एवढं तो शिकला होता. शेवटी घरोघरी फिरून त्याने भांडी मागितली.

"फक्त दोन दिवस!" तो ठणकावून सांगत होता. "दोन दिवसांनी टेम्पो बोलावून नेतो. शास्त्रानुसार हे आता जन्मात घट्ट होणार नाही. हवं तर लिहून देतो!"

एम.टेक.चा मुलगा शास्त्रानुसार सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? सीमावहिनींनी कळशी दिली. कुशाबा मामांनी कुकर दिला. कुणी कढई, कुणी बादली, कुणी मोदकपात्र. जाईआत्याने अपराधी मनाने आपला सगळ्यांत मोठा टोप काढला आणि सवयीने त्याला आतून तेलाचं बोट फिरवलं.

पुढचे दोन दिवस हितेंद्र शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून होता. मैदानात क्रिकेटच्या नेटमधून टकटक ऐकू येत होती, धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगत होती आणि तिच्यातून एक पांढरा पूल हळूहळू विरत गिरगावापर्यंत मागे आला, मग भायखळ्यापर्यंत, मग कुशाबा मामांच्या कुकरात मावेल एवढा झाला. तेवढ्यात फोन वाजला.

"हितेंद्र," मामा फार शांतपणे बोलत होते, "शास्त्राला सांग, माझ्या कुकरात दगड झालाय."

तो धावत घरी पोचला. चौकात सगळी भांडी रांगेत मांडलेली होती. मामा छन्नी-हातोडा घेऊन कुकरावर बसले होते. छन्नीचं टोक वाकलं होतं. कळशी तर अशी भरली होती की आता ती उचलणं नाही, फक्त तिला नमस्कार करणं शक्य होतं.

"लिहून देणार होतास ना?" सीमावहिनी म्हणाल्या. "दे. कळशीवरच लिही!"

"माझा मुलगा दुपारी घरी येऊन विचारतो, जेवायला काय? मी सांगितलं, काँक्रीट!" कढईवाल्या शेजारीणबाई म्हणाल्या.

हितेंद्रने आत्याचा टोप उपडा केला. तेलामुळे आतला गोळा सुळकन बाहेर आला. गुळगुळीत, गोल, थंड. त्याने बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. टण्ण! देवळातल्या घंटेसारखा आवाज. पूल परत निघाला होता!

तो गोळा घेऊन तो आणि रूपर्ट टॅक्सीने कॉलेजात गेले. टॅक्सीवाल्याने विचारलं, "क्या है?" रूपर्ट म्हणाला, "परसाद." त्याने गाडी हळू चालवली.

त्यांच्या गाईड डॉ. एडना मॅडम गिरगावच्या. बोलणं कमी, भुवई जास्त. त्यांनी टोपाच्या आकाराचं ते काँक्रीट बघितलं आणि भुवई वर गेली.

"हा सिलिंडर कुठल्या कोडनुसार?"

"घरगुती, मॅडम." मग हितेंद्रने पंचामृतापासून कुकरापर्यंत सगळं सांगितलं.

लॅबचा रंग एव्हाना वाळला होता. दोन्ही तोंडं घासून सपाट करून गोळा मशीनमध्ये ठेवला. काटा चढू लागला. जिथे फुटायला हवं होतं तिथे तो फुटला नाही. काटा पुढे गेला. आणखी पुढे गेला. रूपर्टने छातीवर क्रूसाची खूण केली. शेवटी धाड्कन आवाज झाला आणि मॅडम पहिल्यांदाच खुर्चीतून उठल्या.

"हितेंद्र, दोन दिवस ओलं होतं हे?"

"हो, मॅडम."

"आणि मग एवढं घट्ट?" मॅडम खिडकीपाशी गेल्या. खाली सिग्नलला एक काँक्रीटचा मिक्सर ट्रक अडकला होता. "तो बघ. तासाभरापासून तिथेच आहे. आतलं काँक्रीट वाटेतच घट्ट व्हायला लागतं. आणि तुझं काँक्रीट वाट बघतं! या शहरात वाट बघणारं काँक्रीट म्हणजे... म्हणजे..."

मॅडमची नजर समुद्राच्या दिशेला गेली आणि तिथेच राहिली. हितेंद्रला कळलं, मॅडम पुलावर आल्या आहेत. तो शेजारी उभा राहिला.

"साखरेचं प्रमाण?" मॅडम उतरल्या.

"अं?"

"सिमेंटच्या किती टक्के? समितीसमोर सगळ्यात आधी तेच विचारणार."

"ते... आत्याकडे आहे."

जाईआत्याला लॅबमध्ये आणलं तेव्हा समितीचे टायवाले दोन प्राध्यापकही हजर होते. आत्या इरकली नेसून, हातात पंचामृताचा डबा आणि साखर-मध वेगळं घेऊन आली. खुर्ची दिली तर बसली नाही.

"आजी, साखर किती घातली होती?" एका टायवाल्याने विचारलं.

"अंदाजान."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"खंयचा ग्रॅम! मूठभर."

मूठ वजनकाट्यावर ठेवायला लावली. एकदा अठ्ठेचाळीस ग्रॅम आले, एकदा एकतीस. "असं कसं?" टायवाल्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "पयली हितेंद्राची. दुसरी तुमची. तुमची माझी वळख खंय आसा?"

शेवटी एडना मॅडमनी तोडगा काढला. आत्यांनी त्या दिवशी केलं तसंच, तेवढ्याच मनाने, सगळ्यांसमोर पुन्हा करायचं. रूपर्ट साखरेचं वजन आधी आणि नंतर करेल. वजा केलं की प्रमाण मिळालं! हितेंद्रची पदवी आता एका वजाबाकीवर आली होती.

काँक्रीट कालवायला घेतलं. तोवर मॅडमनी चहा मागवला. आत्याने कौतुकाने मॅडमच्या कपात दोन चमचे साखर घालायला घेतली, तर मॅडमनी कप बाजूला ओढला. "नको हं आत्या, मला शुगर आहे. कशातच चालत नाही."

"बाय माझे!" आत्या कळवळली.

मग पदर खोचून ती घमेल्याकडे वळली. आत्याने डब्यातून काहीतरी ओतलं, हात जोडले आणि मागे सरली. टायवाले टाळ्या वाजवत होते. हितेंद्रला काही दिसतच नव्हतं, कारण तो तेव्हा गाऊन घालून मालवणच्या टोलनाक्याशी पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीसमोर साचा उघडला. काँक्रीट घट्ट! चारी कोपरे टोकदार, वेळच्या वेळी, कुठल्याही साध्या काँक्रीटसारखं. रूपर्ट कोपऱ्यात वजाबाकी करत होता आणि उत्तर परत परत शून्य येत होतं.

हितेंद्रने घरी फोन लावला. "आत्या, काल साखर घातलीस ना गं?"

"नाय. मधय नाय."

"का?"

"असा काय विचारतंस?" आत्याचा आवाज चढला. "मॅडमांका डायबिटीस आसा. मी कशी घालतलंय? तू एवढा शिकलंस नि तुका एवढाय कळना नाय?"

काँक्रीट वेळेवर घट्ट झालं. हितेंद्रची पदवी मात्र पुढच्या सेमिस्टरपर्यंत ओलीच राहिली.