साडूंविना कुंपण

‘नवरा स्वतःच दुरुस्ती करतो’ ही कथा आमच्या घरात अनेक रूपांत आढळते. नळाची कथा, फडताळाची कथा आणि (संकलकास सर्वाधिक क्लेशदायक) पंख्याची कथा, ही तिची प्रमुख रूपे. तपशील बदलले तरी शेवट सर्वत्र एकच: साडू येतात, हसतात आणि दुरुस्ती करतात. प्रस्तुत कुंपणाच्या कथेत हा शेवट होऊ द्यायचा नाही, असा निश्चय तिच्या नायकाने, म्हणजे मी, केला होता.

शेजाऱ्यांच्या आणि आमच्या बागेमधले लाकडी कुंपण कुजले होते. खांब शाबूत होते; मधली पॅनेल तेवढी बदलायची. रविवारी साडू जेवायला येणार होते.

“भाऊजींनाच सांगू का?” पत्नीने विचारले.

“भाऊजी कुंपण पाहतील. फक्त पाहतील.”

“पंख्याच्या वेळीही असंच म्हणाला होतात. पाहिलाच त्यांनी. जमिनीवर.”

लोककथेची दोन रूपे कधीही तंतोतंत सारखी नसतात, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आलो. त्याच मी दोन खांबांमधले एकच अंतर मोजले आणि तीच मूळ संहिता मानून सगळी पॅनेल त्या मापाची मागवली. खांब मात्र मौखिक परंपरेतले निघाले. पहिल्या गाळ्यात पॅनेल चपखल बसले. (मोजला होता तो हाच.) दुसऱ्यात मावेना, म्हणून करवतीने कापले, तिसऱ्यात इतके सैल, की दोन्ही कडांना पट्ट्या ठोकाव्या लागल्या.

“हे असं वाकडंच असतं का हो?”

“खांब वाकडे आहेत.”

“हो ना. खांबच.”

रविवारी एकच गाळा उरला. आमच्या बाजूला गुलाबांच्या काट्यांत हातोडा फिरेना. शेजारी फाटकाला कुलूप लावून परगावी गेले होते, ते सोमवारी परतणार. तेव्हा मी त्या मोकळ्या गाळ्यातूनच पलीकडे गेलो, पॅनेल ओढून घेतले आणि खांब कण्हेपर्यंत ठोकले. हलवून पाहिले, तसूभर हलेना. साऱ्या कुंपणात हेच एक निर्दोष बसले होते. समाधानाने हात झटकले आणि घरी जाण्यासाठी मी आल्या वाटेकडे वळलो.

तिथे पॅनेल होते.

“अहो, पाहुणे आले! कुठे आहात?”

“इथेच.”

“इथे म्हणजे कुठे?”

“कुंपणापाशी. जरा... पलीकडून.”

मग साडूंच्या बुटांचा आवाज आला. त्यांनी पॅनेल धरून गदागदा हलवले.

“अरे वा! हे पक्कं बसलंय. कुणी बसवलं?”

“मी!” कुंपणाआडून मी गरजलो.

“झकास! थांबा, काढतो. दोन मिनिटांचं काम. नंतर मीच नीट बसवून देतो.”

हातोडा माझ्याही हातात होता. पण ते पॅनेल निघाले असते, तर कथेचा शेवट पुन्हा तोच झाला असता.

“हात लावू नका!”

“मग जेवणार कसे?” पत्नीने विचारले.

“भूक नाही.”

साडू हसले, आत गेले आणि जेवायला बसले. थोड्या वेळाने पत्नीने स्टुलावर चढून कुंपणावरून आधी माझे ताट दिले, मग उशी.