सुर्वे भियांना शंका आहे

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला सुर्वे भिया आले तेव्हा त्यांच्या हातात आहेराचं पाकीट होतं आणि खिशात साबणाच्या पाण्याची बाटली. पाकीट आम्हाला बऱ्याच वेळानं मिळालं. आधी ते सरळ मांडवामागं गेले, आचाऱ्याच्या गॅस सिलिंडरपाशी उकिडवे बसले आणि नळीच्या एकेका जोडाला फेस लावून बुडबुडा येतो का ते बघत राहिले.

आचारी ओरडला, "क्या कर रिये हो, काकाजी?"

"तू जलेबी तल," फेसावरची नजर न काढता भिया म्हणाले. "मैं देख रिया हूँ."

बुडबुडा काही आला नाही. भिया गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "आत्ता नाही आला. पण मला शंका आहे."

रघुनाथ सुर्वे हे त्यांचं पूर्ण नाव. देवासला टेकडीच्या पायथ्याशी आमची फ्रीज-एसी दुरुस्तीची दुकानं शेजारी-शेजारी आहेत. वयानं ते मला काकाच शोभतील, पण आमच्याकडे सगळेच एकमेकांचे भिया, म्हणजे भैया, असतात, तसे तेही माझे भिया. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. भियांच्या मते त्यांना मुक्काम थोड्या दिवसांचाच आहे असं सांगितलं होतं. "तेव्हापासून फसवणूक चालू आहे बघ," असं ते अगदी गंभीरपणे म्हणतात.

गळती शोधणं हे आमच्या धंद्यातलं अर्धं काम. फ्रीज थंड करत नसेल तर गॅस कुठून तरी निसटतोय असं धरून चालायचं आणि ती जागा सापडेपर्यंत कशावरही विश्वास ठेवायचा नाही. आम्ही बाकीचे हे काम संध्याकाळी शटरबरोबर बंद करतो. भियांना ते जमलं नाही. वेळ विचारायची तर दोघांना विचारतात. गेल्या वर्षी पोटात दुखायला लागलं तेव्हा दोन डॉक्टर केले. दोघांनी एकच औषध लिहून दिलं, म्हणून ते घेतलंच नाही. "एकच नाव दोघांना कसं सुचलं? ओळखत असणार एकमेकांना."

लग्नही असंच राहून गेलं. स्थळं येत होती, पण भिया मुलीकडच्यांची चौकशी इतकी खोलात करायचे, की ती पुरी होईपर्यंत मुलगी दुसऱ्या घरी नांदायला गेलेली असायची. एकदा तर बारशाचं आमंत्रण आलं म्हणतात. ते खरं की बाजारातल्यांनी रचलेलं, ते मला सांगता येणार नाही. भियांना विचारलं तर ते विचारतील, तुला हे कोणी सांगितलं?

तर या माणसाला परीक्षा द्यायची पाळी आली.

झालं असं, की शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या शीतगृहाचं काम आम्हा दोघांकडे होतं. तिथं नवा नियम निघाला. गॅस हाताळायचं प्रमाणपत्र ज्याच्याकडे असेल त्यालाच आत सोडणार. त्या कामावर आमची दोन्ही दुकानं उभी होती. परीक्षा धारला होती, लेखी आणि प्रात्यक्षिक. मी लगेच दोघांची नावं नोंदवली. भिया आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझी नक्की कोणाशी तरी मिलीभगत आहे, अशी त्यांना शंका होती.

अखेर एका दुपारी स्वतःचं स्टूल घेऊन माझ्या दुकानात आले. माझ्या स्टुलावर त्यांचा भरवसा नाही.

अभ्यासाचं पुस्तक हिंदीत होतं, तेही सरकारी हिंदीत. पहिल्याच पानावर गाडी अडली.

"मनोज, हा प्रशीतक कोण?"

"आपला गॅस, भिया."

"मग गॅस का नाही लिहिलं? लपवायचं काय आहे यांना?"

पुढं आलं, की गॅस परत काढून घेताना सिलिंडर ऐंशी टक्क्यांच्या वर भरायचा नाही. भियांनी पुस्तक मिटलं. "आणि उरलेले वीस टक्के कोण नेतं?"

"कोणी नेत नाही. उन्हात आतला गॅस फुगतो, त्याला जागा लागते. नाहीतर सिलिंडर फुटेल."

भिया त्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. "म्हणजे सिलिंडरवाल्याचाही गॅसवर भरवसा नाही! बरोबर आहे. हे पुस्तक लिहिणारा अगदीच वाईट माणूस नाही."

दोन-तीन गॅस मिसळून केलेल्या गॅसचा धडा मात्र त्यांनी शांतपणे ऐकला. असा गॅस गळायला लागला, तर त्यातला एक आधी निघून जाऊ शकतो, मग उरलेल्याचं प्रमाण बिघडतं आणि मशीन नीट चालत नाही. भिया रस्त्यापलीकडे बघत होते. तिथं एक मोठं, काचा लावलेलं दुकान आहे. ते दुकान ज्याचं आहे तो पूर्वी भियांचा भागीदार होता. जाताना निम्मी गिऱ्हाइकं घेऊन गेला.

"हा धडा सोड," भिया म्हणाले. "हा मला येतो."

खरी पंचाईत सरावाच्या प्रश्नपत्रिकेनं झाली. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, त्यातलं एक बरोबर. भियांनी मला चष्म्यावरून विचारलं, "म्हणजे तीन खोटी आहेत, हे ते स्वतःच कबूल करतायत?"

"हो."

"तीनदा खोटं बोललेल्या माणसाच्या चौथ्या गोष्टीवर विश्वास ठेवू?"

त्यांनी जिथं जिथं 'इनमें से कोई नहीं' हा पर्याय होता तिथं तिथं तोच निवडला. सगळ्या पेपरात तेवढंच एक वाक्य त्यांना प्रामाणिक वाटलं होतं. जिथं तो पर्याय नव्हता तिथं त्यांनी तो स्वतःच्या हातानं लिहून घेतला. असे ते सपशेल नापास झाले. शिवाय मी सांगितलेली बरोबर उत्तरं चौकातल्या दुसऱ्या मेकॅनिकला विचारून खात्री करायला गेले. त्या मेकॅनिकला भियांसारखं गिऱ्हाईक पूर्वी मिळालं नसावं. तो कंटाळून सगळ्याला "नहीं" म्हणाला. परत आल्यावर भियांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

"मनोज, तुलाही कारखान्याचं काम एकट्याला हवं असेल तर तसं सांग."

मला राग आला. म्हटलं, जाऊ दे, मरू दे या माणसाला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा स्टूल घेऊन दारात उभे. आत या म्हणेपर्यंत आत येईनात. त्यांचा तो उभा राहण्याचा ढंग बघून माझा राग गेला आणि एक युक्ती सुचली.

"भिया, समजा चार गिऱ्हाइकं आली. चौघंही म्हणतात, फ्रीज मी बिघडवला नाही. तीन खोटारडी आहेत. कोण कोण ते शोधा."

भियांचे डोळे चमकले. "असं सांग ना!" त्यांनी पुस्तक जवळ ओढलं. "नळ्यांचा दाब तपासायला काय भरायचं? हा म्हणतो ऑक्सिजन. खोटारडा! तेलाला भेटला की भडका उडेल. हा म्हणतो स्वयंपाकाचा गॅस. हा तर खुनीच आहे. हा म्हणतो नुसतं पाणी. मूर्ख. राहिला नायट्रोजन. तुझ्यावरही माझा भरवसा नाही, पण सध्या तू सूट."

त्या दिवसापासून अभ्यास धडधडत सुटला. दुकानापुढून जाणारे लोक थांबून ऐकायचे. आत भिया एकेका पर्यायाची उलटतपासणी घेत असायचे.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसनं इंदूरमार्गे धारला पोहोचलो. लेखी परीक्षेत भिया पेपरावर असे पसरून बसले होते, की त्यांचं त्यांनाच दिसत असेल का, असं मला वाटलं. प्रात्यक्षिकाला एक परीक्षक मॅडम होत्या. एसीमधला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा आणि सिलिंडर काट्यावर ठेवून किती गॅस आला ते सांगायचं, असं काम होतं. भियांनी सगळं नीट केलं, आणि काट्यापाशी थांबले.

"मॅडम, ये काँटा सही है?"

"सही है. आप तौलिए."

भियांनी पिशवीतून नमकीनची बंद पुडी काढली आणि काट्यावर ठेवली. छापल्यापेक्षा वजन कमी भरलं. "देखो!" भिया गरजले. मॅडमनी कपाटातून लोखंडी वजन आणून काट्यावर ठेवलं. ते बरोबर भरलं. सगळे हसायला लागले. भिया मात्र पुडीकडे बघत राहिले. काटा खरा निघाला याचा त्यांना आनंद झाला नाही. इतकी वर्षं हीच नमकीन खातोय याचं दुःख झालं.

दुपारी निकाल वाचून दाखवला. आम्ही दोघंही पास. मी भियांना मिठी मारायला गेलो, तर ते मॅडमच्या टेबलाशी पोहोचले होते.

"मॅडम, मेरा पेपर फिर से जाँच लो. इतना अच्छा तो मुझे आता ही नहीं."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग पेपर काढून त्यांच्यासमोर पुन्हा तपासला. भिया बोट ठेवून एकेक उत्तर बघत होते. शेवटचं उत्तर झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "काकाजी, आप सच में पास हैं." भियांनी रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चला, पोहे खाऊ आणि निघू. भिया इकडेतिकडे बघत म्हणाले, "तू हो पुढं. मला एक काम आहे."

"कसलं काम?"

"आहे. अमझेऱ्याला. फ्रीज बघायचाय."

आता शंका यायची पाळी माझी होती. देवासचा माणूस एका फ्रीजसाठी धारच्याही पुढं अमझेऱ्याला कशाला जाईल? नक्की तिकडं एखादं मोठं काम गुपचूप धरलं असणार. मी म्हटलं, मीही येतो. त्यांनी दोन-तीन कारणं सांगून पाहिली. मी हटलो नाही.

अमझेऱ्याला एका गल्लीत, देवळाच्या जवळ, एक छोटं घर होतं. दार सताड उघडं. भियांच्या कपाळाला आठी पडली. "जिजी, दार उघडं का टाकलंत? कोणीही आत येईल!"

"आलास ना तू," आतून आवाज आला.

जिजी म्हणजे भियांची मोठी बहीण. आमच्या जुन्या घरांमधून अजून बोलतात तसं भिया तिला अहो-जाहो करत होते आणि ती त्यांना अरे-तुरे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटीच. मी कोण ते भियांनी सांगितल्यावर तिनं माझ्या हातावर आधी गूळ ठेवला आणि मग पाण्याचा तांब्या दिला.

"रघू, बरा आलास बाबा. फ्रीज कालपासून बंद पडलाय. थंडच करत नाही."

भिया फ्रीजपुढं मांडी घालून बसले. मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलो. आतला दिवा लागत होता. थंडी कमी-जास्त करायची चकती शून्यावर होती, म्हणजे मशीन कोणी तरी हातानं बंद केलेलं. आणि वरच्या कप्प्यात बर्फाचा साचा होता. त्यातला बर्फ कडक, नुसता दगड. कालपासून बंद असलेल्या फ्रीजमध्ये असा बर्फ राहत नाही. हे मशीन बंद होऊन फार तर तासभर झाला असेल. चुलीवर पातेल्यात वरण उकळत होतं, आणि पाट दोन नव्हे, एकच मांडलेला होता. मी येणार हे तिला माहीत नव्हतं, पण भिया येणार हे पक्कं माहीत होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. भियांनी माझ्याकडे वळून न बघता माझ्या पायावर हात ठेवला आणि दाबला.

मग त्यांनी अवजारं एकेक करून फडक्यावर मांडली. कॉम्प्रेसरला हात लावून पाहिला. नळीला कान लावला. एक स्क्रू काढला आणि तोच पुन्हा लावला. जिजी शेजारी पाट ओढून बसली आणि बोलत राहिली. शेजारणीच्या सुनेचं, देवळातल्या नव्या पुजाऱ्याचं, लहानपणी भिया हरवले होते आणि सापडल्यावर ही आपलीच बहीण कशावरून असं विचारत होते त्याचं. भिया "हं", "मग?" करत होते. मी त्यांना इतका वेळ कोणाचं ऐकून घेताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला एकदाही अडवून विचारलं नाही, की हे तुम्हाला कोणी सांगितलं.

जिजी माझं पान मांडायला उठली तेव्हा त्यांनी चकती हळूच फिरवली. मशीन घुरघुरायला लागलं.

"झालं बाई चालू!" जिजी तिकडून म्हणाली.

"झालं. पण मशीन जुनं आहे. पुढल्या महिन्यात परत येऊन बघावं लागेल."

"बघावंच लागेल. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देत नाही रे."

जेवताना भियांनी परीक्षेचं सांगितलं. जिजीनं त्यांच्या पानात तूप वाढलं, पुन्हा वाढलं, आणि नको म्हणताना तिसऱ्यांदाही वाढलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ भिया आणि त्यांच्या शेजारी मी. ऊन उतरलं होतं. बाहेर गव्हाची शेतं मागं पळत होती. बरंच अंतर गेल्यावर मला राहवेना.

"भिया, बर्फ पाहिलात ना तुम्ही?"

त्यांनी खिडकीची काच थोडी वर केली, थोडी खाली केली.

"कुठला बर्फ?" ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."